ताट तीनदा वाजलं

धान कापणीचे दिवस आले की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवावं असं ते दुखणं नाही. दुसऱ्याचं चांगलं बघून जे दुखतं ते, आणि हा दुसरा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ, सुधाकर. पन्नाशी उलटली, डोळ्यांवर चष्मा आला, शाळेतली पोरं रस्त्यात वाकून नमस्कार करतात, आणि तरीही हे असं. लाज वाटते, पण लाजेने दुखायचं थांबत नाही.

परवा भंडाऱ्याहून स्कूटरने गावी निघालो, कोंढ्याला. अड्याळ मागे पडलं आणि दोन्ही बाजूंच्या बांध्या, धानाची खाचरं, उघडी दिसू लागली. कुठे कापलेला धान ओळीने वाळत टाकलेला, त्याला आमच्याकडे कडपा म्हणतात. कुठे भारे बांधून पुंजणे रचलेले, आणि रिकाम्या झालेल्या बांधीत धसकटांच्या मधून लाखोळीच्या डाळीची कोवळी हिरवी पानं वर आलेली. हवेत ताज्या तणसीचा, धानाच्या पेंढ्याचा, वास होता, थोडा गोड, थोडा कुबट. तेवढ्यात पुढे धानाची पोती भरलेली एक पिकअप आली आणि तिने चढावर भसकन डिझेलचा धूर सोडला. तणस आणि डिझेल, हे दोन वास एकत्र आले की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागते. तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम असा नाकातून आत येतो.

सुधाकरचा दोन-तीन दिवस आधी फोन आला होता. "दादा, गाडी परत मिसिंग मारून राहिली. इंजेक्टर खोलाचे आहेत. रविवारी येशीन का?"

"मी येऊन काय करू?" मी म्हणालो.

"काय करू म्हणजे? ताट कोण धरन?"

ताट धरायला सुधाकरने मलाच बोलावलं.

हे ताट काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमचे बाबा शेतकरी, पण ऐन जवानीत गावच्या राइस मिलवर इंजिन चालवत. मोठ्या चाकाचं, एकाच सिलिंडरचं ते इंजिन, त्याची ढुक ढुक आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. मिलमध्ये जिकडेतिकडे कोंडा. हातातून नट निसटला की कोंड्यात गेलाच. म्हणून बाबांनी तिथे एक पद्धत लावली आणि पुढे ती आमच्या अंगणातही आली. इंजिनातून जे निघेल ते जेवणाच्या ताटात टाकायचं, आणि टाकताना ताट वाजलं पाहिजे. एकाने खोलायचं, दुसऱ्याने ताट धरायचं. मोजायचं काम ताटवाल्याचं. खोलणाऱ्याने पान्यावर लक्ष ठेवायचं, आणि किती निघाले हे ताटवाल्याला विचारायचं. ताटवाला सांगेल ते खरं.

लहानपणापासून ताट माझ्याकडे आणि पाना सुधाकरकडे. मी मोठा, तरीही. एकदा बाबांनी माझ्या हातात पाना देऊन बघितला होता, मी नटाच्या कडा गोल करून ठेवल्या. त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या सुधाकरला दिला. तो क्षण मला अजून पान्याच्या गार लोखंडासकट आठवतो.

मी शिकलो, विज्ञानाचा शिक्षक झालो, भंडाऱ्याला घर केलं. डिझेल इंजिनाची आकृती मी फळ्यावर रंगीत खडूंनी अशी काढतो की मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसतात. सुधाकर दहावीला दोनदा बसला, शेती बघू लागला, मग एक जुनी पिकअप घेतली. आणि नोकरी लागली त्या दिवसापासून बाबा मला 'मास्तर' म्हणू लागले. त्याआधी मी 'रम्या' होतो. अंगणातून "रम्याऽ" अशी हाक यायची तेव्हा मी चिडायचो, आणि ती बंद झाल्यावर मला करमेना. पाहुणे आले की बाबा माझं कौतुक सांगत. पाहुणे गेले की काम सुधाकरला सांगत. यातलं काय जास्त मोलाचं, हे मला कळायला फार दिवस लागले नाहीत.

काचबिंदूने बाबांची नजर हळूहळू गेली. मी भंडाऱ्याहून डोळ्यांचे थेंब आणायचो, मऊ चपला आणायचो, एकदा चांगला रेडिओ आणला. रेडिओ कपाटात राहिला. सुधाकर काय आणायचा? पानठेल्यावरून घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी! पिकअपच्या सावलीत दोघं एकाच पुडीतून खर्रा खात बसायचे आणि इंजिनाच्या गोष्टी करायचे. मी जवळ गेलो की बाबा खाली हात टेकून बाजूला सरकायचे आणि म्हणायचे, "या मास्तर, बसा." असं पाहुण्याला म्हणतात. बाबांना दिसायचं बंद झाल्यावर ते सुधाकरचा पंजा हातात घेऊन अंगठ्याने चोळत बसायचे, त्याच्या बोटांच्या भेगांत मुरलेलं काळं ग्रीस चाचपत. माझा हात घेतला तर लगेच सोडायचे. माझ्या हातात चाचपायला काही नव्हतं.

हे सगळं मी आज शांतपणे लिहितो आहे, तेव्हा मात्र मी जळत होतो. उघड सांगतो, मला माझ्या भावाचे हात हवे होते.

त्या हंगामात दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. उशिरा पिकणारा भारी धान कापून झाला होता, मळणी चालू होती, आणि आळीतल्या सात-आठ घरांनी आपला धान खरेदी केंद्रावर न्यायला सुधाकरची गाडी सांगून ठेवली होती. गाडी घेतल्यापासूनचा हा त्याचा पहिला भरलेला हंगाम. आणि नेमकं तेव्हाच इंजिन सकाळी सुरू होईना, झालं तर लंगडत चालायचं, मागून पांढरा धूर. इंजेक्टर गेले होते. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा बारीक फवारा सोडणाऱ्या वीतभर लांबीच्या तोट्या, प्रत्येक सिलिंडरला एक अशा चार. गाडी जुनी, कॉम्प्युटर नसलेली, त्यामुळे घरी खोलता येण्यासारखी. सुधाकरने नागपूरहून नवे इंजेक्टर आणले आणि मला रविवारी बोलावलं.

इंजेक्टरचा वैरी म्हणजे धूळ. आणि मळणीच्या दिवसांत आमच्या गावात धुळीशिवाय काय असतं? म्हणून सुधाकरची बायको कल्पना हिने सकाळीच अख्ख्या अंगणात शेणाचा दाट सडा घातला, बोनेटच्या दोन्ही बाजूंना ओली लुगडी बांधून आडोसा केला. गाडीच्या जाळीवर दसऱ्याची झेंडूची माळ सुकून काळी पडलेली, ती सोडून बाजूला ठेवली. नवे इंजेक्टर तिने स्वतःच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळून सपरीत, म्हणजे ओसरीत, उंचावर ठेवले होते.

"दादा, तुम्ही चहा घेऊनच बसा," ती म्हणाली. "नंतर हात खराब होतीन."

"मास्तरचे हात कायले खराब होतीन?" खाटेवरून बाबा म्हणाले. "त्याले त ताट धराचं आहे."

हसण्यासारखंच होतं ते. मीही हसलो.

सुधाकरने आदल्या संध्याकाळीच प्रत्येक इंजेक्टरच्या मुळाशी रॉकेल सोडून ठेवलं होतं, जळकट थर मऊ व्हावा म्हणून. आता त्याने वरच्या बारीक नळ्या सोडवल्या, त्यांच्या उघड्या तोंडांवर धुतलेल्या प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या, इंजेक्टर दाबून धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट काढला आणि पहिला इंजेक्टर डावीउजवीकडे हळूहळू हलवायला लागला. जोर लावतो आहे असं वाटतच नव्हतं. दुखऱ्या दाताशी बोलावं तसं त्याचं चाललं होतं. कुर्र करून इंजेक्टर वर आला. त्याच्या टोकाला तांब्याचा एक छोटा वॉशर चिकटलेला, नखाएवढा. प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी असा एक वॉशर असतो, तो जुना काढून नवा घालायचा. सुधाकरने स्क्रू ड्रायव्हरने तो उडवला.

टण.

"एक," मी म्हणालो. दुसरा निघाला. टण. "दोन."

तेवढ्यात शेजारचे देवाजीकाका आले. त्यांचा धान सगळ्यात आधी जायचा होता, काळजीने बघायला आले होते. "काहून बे सुधाकर, होईन ना उद्यापर्यंत? नाईतर मी पवनीची गाडी सांगतो."

सुधाकर बोलायच्या आधी बाबाच बोलले. खाटेवर ताठ बसून, दिसत नसलेल्या डोळ्यांनी बोनेटकडे बघत. "देवाजी, माहा सुधाकर आहे तोवर या गाडीले गॅरेज नाई लागत. याच्या हाताले समजते."

"अन् मास्तर काय करून राहिले?"

"ताट धरून राहिला," बाबा म्हणाले. "तेवढं जमते त्याले."

देवाजीकाका हसले. कल्पना तोंडाला पदर लावून हसली. सुधाकर तिसऱ्या इंजेक्टरशी झटत होता, तोही हसला, आणि हसता हसता इंजेक्टर वर आला. त्याने तो माझ्या ताटात ठेवला आणि देवाजीकाकांना "सकाळी सहाले पोते भरून ठेव काका" असं सांगत तसाच चौथ्याकडे वळला.

तिसऱ्याच्या टोकाला वॉशर नव्हता.

मी बघितलं. नीट बघितलं. वॉशर आत भोकाच्या तळाशी चिकटून राहिला होता. त्यावर नवा घातला की एकावर एक दोन होणार, इंजेक्टर नीट बसणार नाही, भार आला की तिथून दाब फुटणार. हे मला पाठ होतं, ही आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो आहे. चौथा निघाला. टण. त्या अंगणात माझ्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं, आणि मी मोजत नव्हतो.

सुधाकरने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "दादा, वॉशर सारे आले ना?"

"हं," मी म्हणालो.

एवढंच. खोटं बोलायला पूर्ण शब्दसुद्धा लागला नाही. खाटेची दोरी करकरली, बाबा कुशीवर वळले असावेत.

मला गाडी बंद पडायला हवी होती का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, बाबांनी म्हणावं, सुधाकरला नाही जमलं. त्याच्या हाताला समजलं नाही.

पुढचं काम छान झालं. नवे वॉशर, नवे इंजेक्टर, नळ्या जागेवर. मग हवा काढायची. सुधाकर नळ्यांचे नट अर्धे सैल करून बसला, "मार सेल्फ" म्हणाला, मी किल्ली फिरवली, नटांमधून आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल उडालं, त्याने एकेक नट आवळला आणि इंजिन धडधडून सुरू झालं. बाबांनी टाळी वाजवली. कल्पनाने माळेतलं त्यातल्या त्यात बरं एक फूल काढून बोनेटवर ठेवलं. मी ताट घासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली होती. सकाळी देवाजीकाकांची पोती भरून आम्ही निघालो, सुधाकर, मी आणि काका. सपाट रस्त्याला काही कळलं नाही. नहराच्या पुलाचा चढ लागला आणि बोनेटखालून फस्स, फस्स असा आवाज सुरू झाला, मोठा माणूस धापा टाकतो तसा. अर्ध्या चढावर गाडी थांबली. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. लोक उतरून आले, काय झालं, कुठे रिपेर केली, घरीच? घरीच! कुणीतरी म्हणालं, "घरचाच डॉक्टर, घरचाच पेशंट." काकांची पोती दुसऱ्याच्या ट्रॉलीत गेली. पोती उतरवताना सुधाकर कुणाकडे बघत नव्हता. त्याचे ते हात, ज्यांचा मी एवढा हेवा करायचो, आता फक्त पोती उचलत होते.

घरी आल्यावर त्याने तिसरा इंजेक्टर परत काढला. सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून आकडा केला, भोकात घातला आणि दोन वॉशर एकाला एक चिकटलेले बाहेर काढले. तळहातावर घेऊन त्याने ते नखाने वेगळे केले.

"माहीच चूक," तो म्हणाला. "म्या स्वतः मोजाले पायजे होते."

बाबा खाटेवर होते. "होते कधी कधी," एवढंच ते म्हणाले. मी जिंकलो होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. मी दुपारच्या बसने भंडाऱ्याला निघून आलो.

गाडी त्याच दिवशी बरी झाली. आळीतल्या लोकांनी मात्र पवनीच्या गाड्या सांगितल्या. 'घरच्या रिपेरीची गाडी' असं तिला म्हणायला लागले. तो अख्खा हंगाम, तणसीचे ट्रॅक्टर दारावरून जात असताना, सुधाकरची पिकअप अंगणात उभी राहिली. लोकांचा विश्वास परत यायला पुढचं वर्ष गेलं. त्याच वर्षी थंडीत बाबा गेले. शेवटच्या दिवसांत मी त्यांचा हात धरून बसलो होतो, त्यांनी माझी बोटं चाचपली आणि म्हणाले, "मास्तर आहे काय?" मी हो म्हणालो. मला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात त्यांना झोप लागली.

तर परवा मी कोंढ्याला पोचलो. सडा घातलेला, लुगडी बांधलेली. बाबांची खाट सपरीत भिंतीला उभी करून ठेवलेली. कल्पनाने ताट आणून माझ्या हातात दिलं, तेच, काठाला पोचा पडलेलं.

सुधाकरने तिसरा इंजेक्टर या वेळी शेवटी ठेवला. "ते भोक हट्टी आहे," म्हणाला. पहिला, दुसरा, चौथा. टण, टण, टण. मी मोठ्याने मोजत होतो. मग तिसरा आला. कुर्र करून वर आला आणि त्याचं टोक नागडं होतं. अगदी तसंच. सुधाकर तो ताटात ठेवून पुसायचा कपडा शोधू लागला. त्याने मला काही विचारलंच नाही.

"तीनच," मी म्हणालो. "तीनच आले सुधाकर."

त्याने आऱ्याचा आकडा उचलला आणि भोकात घालून वाकला.

"त्या वर्षी बी तीनच आले होते," मी म्हणालो. माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी गावची बोली निघाली. "मले दिसलं होतं. मी बोललो नाई."

आकडा फिरवायचं त्याने थांबवलं नाही. "मालूम आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"बाबानं सांगतलं. त्याच दिवशी, तू बसनं गेल्यावर. म्हणे, वॉशरनं ताट तीनदाच वाजलं. म्या आयकलं."

"मग तू मले काही बोलला काहून नाई?"

"बाबा नाई म्हणे." सुधाकर बोनेटमध्ये वाकूनच बोलत होता, आवाज लोखंडातून येत होता. "म्हणे, माह्या रम्याले इचारू नको. लहानपणी बी चूक झाली का तो तीन-तीन दिवस जेवे नाई. त्याले आपणहून सांगू दे. सांगनच तो."

माफीबिफी मागायची असते अशा वेळी. आणि मला खरं काय वाटलं ते सांगतो. माझ्या पोटात दुखलं. बाबा मला रम्या म्हणत होते. शेवटपर्यंत म्हणत होते, माझ्यामागे, सुधाकरपाशी. तीन वर्षं ते वाक्य माझ्या भावाकडे होतं, खर्ऱ्याच्या पुडीसारखं त्याच्या खिशात, आणि मी भंडाऱ्याला फळ्यावर इंजिनं काढत होतो.

"आला," सुधाकर म्हणाला. आकडा वर निघाला, त्याच्या टोकाला काळा पडलेला वॉशर. त्याने तो माझ्यासमोर धरला, टाकला नाही. मी ताट पुढे केलं.

टण.

"चार," मी म्हणालो, सपरीतल्या त्या उभ्या खाटेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.